घरच्या ग्राफिक्स कार्डावर मायनिंग: एका नाण्यामागे किती युनिट वीज?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्याकडे खेळांसाठी घेतलेला संगणक असून त्यात एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०६० टीआय हे ८ जीबी मेमरीचे कार्ड आहे. रात्रभर हे कार्ड रिकामे असते, आणि एक मित्र अशाच कार्डावर आपण ‘बिटकॉइन काढतो’ असे सांगतो. तेव्हा कार्ड रात्री मायनिंगला, म्हणजे गणना करून आभासी नाणी मिळवण्याच्या कामाला, लावल्यास त्याची किंमत वसूल होईल का, त्याने कार्ड बिघडेल का, आणि त्याच संगणकाला दुसरे कार्ड जोडणे योग्य ठरेल का, असे त्यांनी विचारले आहे.

मी २०१७ ते २०२२ या काळात घरी मायनिंग केले. सुरुवात एका कार्डाने झाली आणि शेवटी सहा कार्डे होती. त्या अनुभवावरून सांगायचे तर पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. दुसऱ्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण कार्ड बिघडते ते बहुधा मायनिंगमुळे नव्हे, तर ते कसे चालवले त्यामुळे.

आधी मित्राच्या बिटकॉइनचा उलगडा करू. बिटकॉइनचे मायनिंग म्हणजे ब्लॉकच्या, अर्थात व्यवहारांच्या नोंदींच्या एका गठ्ठ्याच्या, मजकुरात एक आकडा सतत बदलत राहून एसएचए-२५६ या पद्धतीने त्याचा हॅश, म्हणजे त्या मजकुरावरून निघणारी ठरावीक लांबीची संख्या, काढणे आणि तो ठरावीक मर्यादेपेक्षा लहान येतो का ते पाहणे. यात बुद्धीचे काम काही नाही, केवळ प्रयत्नांची संख्या मोजली जाते. जानेवारी २००९ मध्ये हे जाळे सुरू झाले तेव्हा साध्या प्रोसेसरवर हे काम होत असे, २०१० मध्ये ग्राफिक्स कार्डे आली आणि २०१३ पासून केवळ हेच काम करणाऱ्या, एसिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चिपांनी कार्डांना पूर्णपणे बाजूला सारले. आपल्यासारखे कार्ड सेकंदाला काही अब्ज हॅश काढील, तर अँटमायनर एस२१ हे यंत्र ३,५०० वॉट विजेवर सेकंदाला सुमारे २०० लाख कोटी हॅश काढते. वीज पंधरा-वीस पट आणि काम हजारो पट, अशी ही तफावत आहे. त्यामुळे आपला मित्र बिटकॉइन काढत नसावा. बहुधा तो आपल्या कार्डाची क्षमता नाइसहॅशसारख्या बाजारात भाड्याने देत असेल. तिथे कार्ड दुसऱ्याच एखाद्या नाण्यासाठी राबते, मोबदला मात्र बिटकॉइनच्या बारीक अंशांत मिळतो. यात गैर काही नाही, परंतु आपण नेमके काय विकतो आहोत हे ठाऊक असावे.

ग्राफिक्स कार्डांचा खरा काळ इथेरियमचा होता. जुलै २०१५ मध्ये सुरू झालेल्या या जाळ्याची इथॅश ही पद्धत मुद्दाम अशी रचलेली होती की तिला गणनेपेक्षा मेमरीचा वेग अधिक लागावा, म्हणजे विशेष चिपा बनवून फारसा फायदा मिळू नये. ही रचना समजली की कार्डाची जुळणी, म्हणजे त्याचा वेग आणि वीज यांचा मेळ, का आणि कशी करायची तेही आपोआप समजते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. इथॅशचा एक हॅश काढण्यासाठी कार्डाला आपल्या मेमरीतील एका मोठ्या तक्त्यातून ६४ वेळा, दर वेळी १२८ बाइट, अशी एकूण ८,१९२ बाइट माहिती वाचावी लागते. आरटीएक्स ३०६० टीआयच्या मेमरीचा वेग सेकंदाला ४४८ जीबी आहे. ४४८ अब्जाला ८,१९२ ने भागले की सुमारे ५ कोटी ४७ लाख, म्हणजे जवळजवळ ५५ मेगाहॅश येतात (एक मेगाहॅश म्हणजे सेकंदाला दहा लाख हॅश). मेमरीचा वेग थोडा वाढवला की हे कार्ड ६० मेगाहॅशपर्यंत जाते, आणि प्रत्यक्षात मिळणारा आकडाही हाच असतो. गाभा, म्हणजे गणना करणारी मुख्य चिप, कितीही वेगाने पळवला तरी या आकड्यात फरक पडत नाही, कारण तो बहुतेक वेळ मेमरीची वाट पाहत बसलेला असतो.

हा तक्ता सुरुवातीला १ जीबीच्या आसपास होता आणि दर ३०,००० ब्लॉकनंतर सुमारे ८ एमबीने वाढत असे. डिसेंबर २०२० च्या सुमारास त्याने ४ जीबीची मर्यादा गाठली आणि तोवर चांगली चाललेली ४ जीबीची असंख्य कार्डे इथेरियमसाठी निरुपयोगी झाली. माझी दोन कार्डे त्यात होती. ही तारीख वर्षभर आधी कागदावर मांडून काढता आली असती. मी ती मांडली नाही, हा दोष माझाच.

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने मायनिंग बंदच केले आणि नाणी तारण ठेवून ब्लॉक मंजूर करण्याची पद्धत स्वीकारली. त्या वेळी त्या जाळ्यावर आठशेहून अधिक टेराहॅश (एक टेराहॅश म्हणजे दहा लाख मेगाहॅश) क्षमता राबत होती, आणि ती एका दिवसात बेकार झाली. तिचा काही भाग कायमचा बंद पडला. उरलेला भाग इथेरियम क्लासिक, रेव्हनकॉइन, एर्गो यांसारख्या लहान जाळ्यांकडे धावला. ती जाळी कार्डे वाढली म्हणून जास्त नाणी देत नाहीत. प्रत्येक ब्लॉक काढणाऱ्याला मिळणाऱ्या नव्या नाण्यांचे त्यांचे बक्षीस ठरलेले असते. वाटेकरी तेवढे वाढतात. आजची सगळी परिस्थिती या एका घटनेतून आलेली आहे, आणि २०२१ मधील उत्पन्नाचे जे व्हिडिओ अजूनही फिरत असतात, ते या तारखेच्या आधीचे असल्यामुळे त्यांचा आज काहीही उपयोग नाही.

आता हिशेब मांडू. उदाहरणासाठी इथेरियम क्लासिक घेतो, कारण त्याची पद्धत इथॅशचीच किंचित बदललेली आवृत्ती आहे आणि वरचा ६० मेगाहॅशचा आकडा तिथेही लागू पडतो. तिथे सरासरी १३ सेकंदांना एक ब्लॉक निघतो, म्हणजे दिवसाला सुमारे ६,६४६ ब्लॉक. जाळ्याची एकूण क्षमता २०० टेराहॅश आणि ब्लॉकचे बक्षीस २ नाणी असे सोयीसाठी धरू. हे दोन्ही आकडे बदलते आहेत; बक्षीस तर दर ५० लाख ब्लॉकनंतर २० टक्क्यांनी घटते. करताना आपण त्या दिवसाचे आकडे घालावेत, रीत तीच राहील. आपले ६० मेगाहॅश हे २०० टेराहॅशचे एक कोटीत तीन भाग आहेत. जाळे दिवसाला १३,२९२ नाणी वाटते, त्यात आपला वाटा ०.००४ नाण्याचा. म्हणजे कार्ड चोवीस तास चालवले तर एक नाणे पदरात पडायला सुमारे २५० दिवस, आणि फक्त रात्रीचे बारा तास चालवले तर ५०० दिवस लागतील.

दुसरी बाजू विजेची. कार्डाची अधिकृत मर्यादा २०० वॉटची असली तरी नीट जुळवणी केल्यास ते १२५ वॉटवर तेवढेच काम करते. परंतु मायनिंगचा प्रोग्रॅम पडद्यावर जे १२५ वॉट दाखवतो, ते केवळ कार्डाचे असतात. एएमडीच्या अनेक जुन्या कार्डांत तर तो आकडा फक्त मुख्य चिपचा असतो, पूर्ण कार्डाचाही नव्हे. प्रोसेसर, मदरबोर्ड, पंखे व डिस्क मिळून ६५ वॉट धरा. हे १९० वॉट पुरवताना पॉवर सप्लायमध्येच काही वीज उष्णतेच्या रूपात जाते. त्याची कार्यक्षमता ८८ टक्के असली तर भिंतीतल्या सॉकेटमधून २१६ वॉट ओढले जातात. दिवसाला ५.१८ युनिट. याला २५० ने गुणले की एका नाण्यामागे सुमारे १,३०० युनिट वीज लागते असे दिसते.

मायनिंगच्या कोणत्याही चर्चेत मला फक्त हा शेवटचा आकडा महत्त्वाचा वाटतो. ‘दिवसाला किती मिळतात’ हा प्रश्न फसवा आहे, कारण त्यात वीज विसरली जाते आणि नाण्याचा भाव वर गेला की सगळेच कष्टाचे फळ वाटू लागते. खरे पाहता मायनिंग करणारा माणूस वीज देऊन नाणे विकत घेत असतो. तेच नाणे बाजारात सरळ विकतही मिळते. म्हणून आपल्या बिलातील प्रति युनिट दराला १,३०० ने गुणावे आणि येणारी रक्कम नाण्याच्या चालू भावाशी ताडून पाहावी. रक्कम भावापेक्षा जास्त असेल तर आपण बाजारातील वस्तू महागात घेत आहोत, मग ‘पुढे भाव वाढेल’ हा युक्तिवादही कामाचा राहत नाही. ज्याला भाव वाढेल अशी खात्री आहे त्याने तेवढ्याच पैशांत थेट जास्त नाणी घ्यावीत. वरच्या आकड्यांवर हे गणित जमवून देईल असा घरगुती वीजदर मला तरी कुठे दिसलेला नाही. कार्डाची किंमत वसूल होण्याचा प्रश्न तर त्यापुढचा.

हे केवळ सध्या दिवस वाईट आहेत म्हणून घडते असे नाही. डिफिकल्टी, म्हणजे ब्लॉक काढण्याची काठिण्यपातळी, जाळ्यात किती क्षमता आली आहे त्यानुसार आपोआप बदलते. बिटकॉइनमध्ये ती दर २,०१६ ब्लॉकनंतर, तर इथेरियम क्लासिकमध्ये प्रत्येक ब्लॉकला. एखाद्या नाण्यात नफा दिसू लागला की लोक आपली कार्डे तिकडे वळवतात, पातळी वाढते, प्रत्येकाचा वाटा आक्रसतो, आणि हे तोवर चालते जोवर ज्याची वीज सर्वांत स्वस्त आहे त्याच्याच हाती थोडेसे काही उरते. धरणाशेजारी शेड टाकून हजारो कार्डे लावणारा आणि घरगुती दराने बिल भरणारा हे एकाच रांगेत उभे असतात. २०१७ किंवा २०२१ मध्ये घरी मायनिंग करणाऱ्यांना पैसे मिळाले, त्यात मीही आलो, ते भाव इतक्या झपाट्याने वाढले की नवी कार्डे तयार होऊन जाळ्यात यायला वेळ लागला म्हणून. त्या मधल्या काळात आमच्याकडे कार्डे होती, इतकेच. त्याला कौशल्य म्हणणे मला आजही जड जाते.

एकट्याने ब्लॉक काढण्याचा मोह काहींना होतो. वरच्या आकड्यांनुसार आपल्या कार्डाला एक ब्लॉक सापडायला सरासरी ५०० दिवस लागतील. पण सरासरी म्हणजे मुदत नव्हे. हे सोडतीसारखे आहे, आधीचे अपयश पुढच्या प्रयत्नात जमेस धरले जात नाही, आणि ५०० दिवस अखंड चालवूनही एकही ब्लॉक न मिळण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. म्हणून सगळे पूलमध्ये जातात. पूल आपल्याकडून सोप्या मर्यादेत बसणारे हॅश पुरावा म्हणून घेतो, त्यांना शेअर म्हणतात, आणि सापडलेल्या ब्लॉकची वाटणी त्या प्रमाणात करतो. पूलचे शुल्क बहुधा १ टक्क्याच्या आसपास असते आणि मायनिंगच्या प्रोग्रॅमचा निर्माताही साधारण तेवढाच भाग परस्पर काढून घेतो. पूल निवडताना शुल्कापेक्षा नाणी आपल्याकडे वळती होण्याची किमान मर्यादा पाहावी. एका कार्डावर ती गाठायला महिने लागत असतील तर तोवरची सगळी कमाई दुसऱ्याच्या ताब्यात असते. डिसेंबर २०१७ मध्ये नाइसहॅशवर दरोडा पडून सुमारे ४,७०० बिटकॉइन गेले, त्यात अशाच साठलेल्या छोट्या रकमांचा भरणा होता.

आता कार्डाच्या प्रकृतीविषयी. खेळताना कार्ड तापते, निवते, पुन्हा तापते, आणि या चढउताराने सोल्डरच्या जोडांवर ताण येतो. मायनिंगमध्ये तापमान स्थिर असते, त्यामुळे शक्तीची मर्यादा ६० ते ६५ टक्क्यांवर आणून चालवलेली मुख्य चिप अनेकदा खेळातल्यापेक्षा आरामात असते. झिजतात ते पंखे. चोवीस तास चालणारा पंखा वर्षात ८,७६० तास फिरतो. रोज तीन तास खेळणाऱ्याकडे तेवढे तास भरायला आठ वर्षे लागतात. दुसरा नाजूक भाग मेमरीचा. आरटीएक्स ३०८० आणि ३०९० मधील जीडीडीआर६एक्स मेमरी मायनिंग करताना सहज ११० अंश सेल्सिअसला पोचत असे, आणि त्या तापमानाला कार्ड स्वतःच वेग कमी करते. गंमत अशी की त्याच वेळी मुख्य चिपचे तापमान साठ-पासष्ट दिसत असल्याने मालक निश्चिंत असे. आपल्या कार्डाच्या मूळ आवृत्तीत साधी जीडीडीआर६ आहे, त्यामुळे हा त्रास कमी. तरीही केसच्या आत हवा खेळती हवी.

जुळणी करताना आधी शक्तीची मर्यादा खाली आणावी, मग गाभ्याचा वेग उतरवावा, आणि शेवटी मेमरीचा वेग लहान लहान पायऱ्यांनी वाढवावा. प्रत्येक पायरीनंतर निदान काही तास थांबावे. मेमरी जास्त ताणली तर खेळात पडद्यावर ठिपके दिसतात. मायनिंगमध्ये असे डोळ्यांना काहीच दिसत नाही, फक्त पूल काही शेअर अवैध म्हणून नाकारू लागतो किंवा चुका दुरुस्त करण्यात वेळ जाऊन हॅशरेट, म्हणजे सेकंदाला निघणारे हॅश, उलट घटतो. म्हणून प्रोग्रॅमने दाखवलेल्या हॅशरेटवर विसंबू नये, पूलने मान्य केलेल्या शेअरांचा चोवीस तासांचा आकडा पाहावा. हीच जुळणी रेव्हनकॉइनला लावू नये. त्याची कॉपॉ पद्धत गाभ्यालाही पूर्ण राबवते, तिथे वीज जास्त लागते आणि इथॅशसाठी उतरवलेला गाभा तिथे मार खातो.

दुसरे कार्ड घेऊ नये याचे आर्थिक कारण वर आलेच आहे. ज्यांच्याकडे जुने कार्ड पडून आहे आणि जोडण्याची इच्छा आहे, त्यांच्यासाठी सुरक्षेचे कारण सांगतो. जागा नसल्यामुळे दुसरे कार्ड बहुधा रायझरवर, म्हणजे स्लॉटपासून केबलने लांबवलेल्या पट्टीवर, बसवले जाते. स्लॉटमार्गे कार्ड ७५ वॉटपर्यंत वीज ओढू शकते, आणि ती वीज आता रायझरला जोडलेल्या तारेतून यावी लागते. स्वस्त रायझरबरोबर साटा कनेक्टरची, म्हणजे मुळात डिस्कला वीज देण्यासाठी असलेल्या जोडाची, तार मिळते. साटाच्या १२ व्होल्टच्या तीन पिना प्रत्येकी दीड अँपिअरच्या, म्हणजे एकूण ५४ वॉटच्या. डिस्क क्षणभर जास्त वीज घेते आणि थांबते; कार्ड ती रात्रभर घेत राहते. माझ्याकडे २०१८ मध्ये असा एक कनेक्टर पहाटे वितळला. जळक्या वासाने जाग आली म्हणून निभावले, आणि चूक तार बनवणाऱ्याची नव्हे, ती तिथे लावणाऱ्याची होती. रायझरला वीज सहा पिनांच्या पीसीआय केबलनेच द्यावी, पॉवर सप्लायच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांवर सततचा भार जाऊ देऊ नये, आणि झोपण्याच्या खोलीत किंवा घराला कुलूप असताना दोन कार्डांची मांडणी चालू ठेवू नये.

ओढलेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते, हे अनेकांना उन्हाळ्यात कळते. एअर कंडिशनर लावून ती बाहेर टाकायची तर साधारण एक तृतीयांश वीज आणखी लागते आणि १,३०० युनिटांचा आकडा १,७०० च्या पुढे जातो. उलट जिथे थंडीत साध्या विजेच्या हीटरने खोली तापवली जाते, तिथे कार्डाचे २१६ वॉट हीटरच्या २१६ वॉटइतकीच ऊब देतात आणि नाणे फुकट पडते. घरी मायनिंग परवडते अशी मला माहीत असलेली ही एकमेव सरळ स्थिती आहे. उष्मापंप असलेल्या घरात तीही उरत नाही, कारण तो तेवढ्याच विजेत तिप्पट ऊब देतो.

तरीही विषय समजून घेण्यासाठी एक आठवडा कार्ड चालवून पाहण्यास माझी हरकत नाही. मलाही जे कळले ते चालवूनच. प्रोग्रॅम केवळ निर्मात्याच्या मूळ ठिकाणावरून घ्यावा, व्हिडिओखाली दिलेल्या दुव्यावरून कधीही नाही. अँटीव्हायरस प्रामाणिक आणि बनावट अशा दोन्ही मायनिंग प्रोग्रॅमांवर आक्षेप घेत असल्याने ‘तो बंद करा’ ही सूचना चोरांच्या पथ्यावर पडते. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात तिथे हा प्रयोग करू नये. वॉलेट, म्हणजे नाणी ठेवण्याचे खाते, स्वतःचे असावे आणि त्याचे परवलीचे शब्द कागदावर लिहून ठेवावेत. अनेक देशांत नाणे हाती आले त्या दिवशीचा भाव उत्पन्न म्हणून धरला जातो, तेव्हा जमा झालेल्या प्रत्येक रकमेची तारीख व भाव नोंदवावा. सॉकेट आणि संगणक यांच्यामध्ये युनिट मोजणारा छोटा मीटर लावावा, पूलवरील अंदाजित कमाईकडे दुर्लक्ष करावे, आणि सात दिवसांनी मीटरवरील युनिटांना पूलने खरोखर जमा केलेल्या नाण्यांनी भागावे. माझ्या १,३०० च्या जागी आपला जो आकडा येईल, त्याला आपल्या वीजदराने गुणून निर्णय घ्यावा.